ग्लोव्हच्या आड

डायपरचं नवं पाकीट काढायला मी कपाटाचा वरचा कप्पा उघडला, तर माझा ग्लोव्ह जागेवर नव्हता. शालूची पिशवी होती, मैथूच्या बारशाची भांडी होती, आणि दोन्हींच्या मध्ये एक गोल खळगा होता, मांजर उठून गेल्यावर गादीत राहतो तसा. स्टुलावर उभी राहून मी त्या खळग्यात हात घातला. खाली मैथू माझ्या पायजम्याचा काठ धरून उभी राहायला बघत होती. दहा महिन्यांची झाली होती ती, मिळेल ते धरून उभी राहायची. तिला पडू न देता मी खाली उतरले, पुन्हा चढले, सगळा कप्पा रिकामा केला. ग्लोव्ह म्हणजे काही सुई नव्हे हरवायला. दोन ओंजळी एकत्र केल्या तर जेवढं होईल तेवढं कातड्याचं धूड. लग्नानंतर जळगावहून निघताना आईनं ते बॅगेतून दोनदा बाहेर काढून ठेवलं होतं आणि मी दोनदा परत भरलं होतं. "दुबईत काय झेल घेत बसणारेस?" आई म्हणाली होती. तेव्हा मी हसले होते. आता त्या खळग्यापाशी नाक नेलं तर खोबरेल तेलाचा वास येत होता, कमी कमी होत गेलेला, पण माझाच.

अंकुर साडेसहाला जबल अलीहून कंपनीच्या बसनं आला. हात धुऊन त्यानं मैथूला उचललं, तिच्या पोटात तोंड खुपसून फुर्रर्र केलं. मी भात उपसत होते.

"वरच्या कप्प्यातला ग्लोव्ह कुठेय?"

"अगं हो, सांगायचं राहिलं. ईश्वरीला दिला."

"कोण ईश्वरी?"

"डॉक्युमेंटेशनमधली. बोललो नव्हतो का? आपल्या बेसबॉल टीमचा कॅचर गेला ना मनिलाला. व्हिसा कॅन्सल, खलास. ही म्हणाली, मी बसते मागे. डोंबिवलीला शाळेत खेळलेली आहे. आणि बसते गं ती! पहिल्याच दिवशी बॉल थेट तोंडावर आला, तर पापणी हलली नाही."

"माझा ग्लोव्ह आहे तो."

"तू कुठे वापरतेस?" तो म्हणाला, आणि पुन्हा मैथूच्या पोटात शिरला.

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर मला भांडता आलं असतं. खरंच मी कुठे वापरत होते? पण शालू तरी मी कुठे वापरत होते? बारशाची भांडी तरी? ती कुणाला दिली नव्हती त्यानं. भात ताटात घेता घेता मी फक्त विचारलं, "पहिली मॅच कधी?" आणि तो असा उजळला की मला माझाच राग आला. "नेक्स्ट फ्रायडे, चार वाजता. होम गेम! आपल्या खाली, अनू. गॅलरीतून दिसेल तुला."

गॅलरीतून दिसेल, हे खरं होतं. आमच्या एकोणिसाव्या मजल्याच्या गॅलरीखाली एक मोठा मोकळा प्लॉट होता. जुमेरा लेक टॉवर्सात आम्ही राहायला आलो तेव्हा त्याच्याभोवती पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणावर एका टॉवरचं चित्र होतं. चित्रात एक गोरं कुटुंब तळ्याकाठी हसत चाललं होतं. बुलडोझरनं वाळू सपाट झाली, दाबून झाली, पाया खणायच्या आधीच दोन हजार आठचा हिवाळा आला आणि माणसं यायची थांबली. मग कुंपणाचे पत्रे एकेक करून गेले. गोऱ्या कुटुंबातला बाप गेला, मुलगी गेली, आई तेवढी हसत उरली होती. सगळं दुबई त्या वर्षी कुणी ना कुणी निघून गेल्याचं सांगत होतं. कुणाच्या गाड्या विमानतळावर धूळ खात होत्या, कुणाच्या मुलांची नावं शाळेतून निघाली होती. अंकुरच्या कंपनीचे निम्मे लोक गेले. त्याची टीम दोन वर्षं दुसऱ्यांच्या मैदानावर पाहुण्यासारखी खेळत आली होती. जिथं टॉवर व्हायचा तिथंच आता त्यांना घरचं मैदान मिळालं. मंदीनं आमच्या ओळखीत फक्त हे एक काहीतरी दिलं होतं, आणि ते माझ्या खिडकीखाली दिलं होतं. सप्टेंबरपासून मी रोज बघत होते. कुणीतरी टँकरनं पाणी मारून माती बसवली. प्लास्टरच्या पांढऱ्या पुडीनं रेघा आखल्या. चार तळांच्या, म्हणजे बेसच्या, चार पांढऱ्या गोण्या ठेवल्या. वरून ते मैदान तिरप्या ठेवलेल्या पाटासारखं दिसायचं. मैथूला कडेवर घेऊन मी तिला दाखवायची, "ते बघ, ते होम. तिथून निघायचं आणि तिथंच परत यायचं." मैथू बोट दाखवायची, पण मैदानाकडे नाही, कबुतराकडे.

लोकांना वाटायचं, बेसबॉलचं वेड अंकुरला आहे. ते खरं होतं, पण ते त्याला मी लावलं होतं. जळगावात आमच्या कॉलेजात मुलींचा सॉफ्टबॉल होता. चेंडू जरा मोठा, बाकी तोच खेळ. आमच्याकडे मुलगी जिल्ह्याला खेळली की पेपरात फोटो यायचा आणि लग्नाच्या बायोडेटात ओळ यायची. मी कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, छातीवर पट्टा, डाव्या हातात ग्लोव्ह. सगळे खेळाडू आत तोंड करून उभे असतात. एकटी कॅचर बाहेर तोंड करून बसते. त्यामुळे सगळं मैदान तिला दिसतं, आणि ती फक्त पिचरला दिसते. आमची पिचर प्रभावती. यावलकडच्या केळीवाल्यांची मुलगी, हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघे खाजवायची. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटांनी खूण करते आणि पिचर तसा चेंडू टाकते. सगळ्या टीमा एक-दोन-तीन बोटं दाखवायच्या, आणि ती कुणीही चोरावीत. प्रभा म्हणाली, "आपण पोरींच्या खुणा करू." मग मूठ म्हणजे दगड, सरळ आणि जोरात. उघडा पंजा म्हणजे थांब, हळू टाक. करंगळी म्हणजे कट्टी, फलंदाजापासून लांब, बाहेरच्या बाजूला. दोन बोटं जोडून बट्टी, म्हणजे अंगालगत आत. आणि पाचवी एक. या खुणा पाहून समोरच्या टीमला वाटायचं, मागे बसलेली पोरगी येडी आहे. तीन वर्षं आम्हाला कुणी ओळखलं नाही. शेवटच्या मॅचच्या दिवशी केळी खाता खाता प्रभा म्हणाली, "कुणाला सांगायच्या नाहीत हां. नवऱ्याला पण नाही." मी शप्पत म्हटलं. तिनं गळ्याला चिमटा काढून शप्पत म्हटलं. पुढे ती नंदुरबारला दिली, मी दुबईला. एकमेकींच्या लग्नालाही जाता आलं नाही, तारखा एकाच आठवड्यातल्या निघाल्या.

आणि मी नवऱ्याला सांगितल्या. पहिल्याच वर्षी. तेव्हा आम्ही बर दुबईत राहत होतो, देवळाच्या गल्लीजवळ, आणि शुक्रवारी सकाळी मीना बाजार झोपलेला असताना बिल्डिंगमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं जायचो. त्याच्या अमेरिकन साहेबानं ऑफिसात टीम काढली होती, आणि पुण्याच्या गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माझ्या नवऱ्याला चेंडू फेकताना कोपर कुठे ठेवायचं हे ठाऊक नव्हतं. मी गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात उकिडवी बसायची, सलवारीवर, आणि तो अठरा पावलं मोजून टाकायचा. अबऱ्यांची, त्या लाकडी होड्यांची, धडधड खाडीवरून यायची. त्याचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये येऊन आदळायचा तेव्हाचा तो आवाज! नव्या लग्नात नवरा-बायको एकमेकांना काय काय देतात. मला वाटायचं, मला हा आवाज मिळाला. एका शुक्रवारी मी करंगळी दाखवली. तो म्हणाला, "काय झालं? मी काय केलं?" मी हसत सुटले. मग सगळं सांगितलं, दगड, थांब, कट्टी, बट्टी. प्रभाचा लांब हात डोळ्यांसमोर आला तेव्हा पाचवी जिभेवरून मागे घेतली. "आणखी एक आहे," मी म्हटलं, "पण ती नाही सांगणार." तो म्हणाला, "राहू दे. काहीतरी तुझ्याकडे राहू दे." किती गोड बोलला होता.

नऊ दिवस मी त्या मॅचची वाट पाहिली. शाळेत असताना गॅदरिंगची पाहायची तशी, आणि तरीही तशी नाही. मॅच व्हावी असं वाटायचं, आणि ती पोरगी पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडावी असं वाटायचं. संध्याकाळी सराव असला की मी गॅलरीत मैथूला वरणभात भरवायची. एकोणीस मजल्यांवरून माणूस म्हणजे सुपारीएवढा. पण कॅचर ओळखू येतो, तो बसलेला असतो. ती निळ्या टोपीची सुपारी होमच्या मागे बसायची, पांढऱ्या टोपीची सुपारी मधून तिच्याकडे बघायची, आणि मग काही क्षण दोन्ही सुपाऱ्या हलत नसत. तेवढ्या क्षणात माझा चमचा हवेत राहायचा. मैथू तोंड उघडून वाट बघायची, मग चिडून चमचा स्वतःच ओढायची. मला ठाऊक होतं त्या क्षणात काय असतं. त्यात चेंडू नसतो, बोलणं नसतं. कॅचर विचारते आणि पिचर हो म्हणतो. संसारात इतकं सरळ हो मला कुणी म्हणाल्याचं आठवत नव्हतं. त्याच्या आणि तिच्यात बाकी काही असेल असा संशय मला एकदाही आला नाही, आणि हेच विचित्र होतं. तसा संशय आला असता तर बायकांना विचारता आलं असतं, आईला फोन करता आला असता. पण आईला काय सांगू? तो तिच्या हाताकडे बघतो म्हणून? माझ्या हाताकडे कोण बघत होतं? मैथू बघत होती, चमचा असला तर.

सोमवारी त्यानं ग्लोव्ह घरी आणला. "तेल लावून दे ना. कडक झालाय म्हणते ती." मी घेतला आणि दुसऱ्या दिवशी मैथू झोपल्यावर घेऊन बसले. दुपारी दोन ते साडेतीन ती झोपते. दिवसाचा तेवढाच तुकडा माझा. त्यात मी अंघोळ करते किंवा जेवते किंवा दोन ओळी लिहिते, तिन्ही कधीच होत नाही. ग्लोव्हला नाक लावलं तर खोबरेलाचा वास नव्हता. सॅनिटायझरचा होता. त्या वर्षी स्वाइन फ्लूमुळे सगळे ऑफिसवाले हाताला ते थंड पाणी चोळत, आणि तिच्या हातानं ते माझ्या कातड्याच्या आत नेलं होतं, जिथं माझ्या चार बोटांचे चार खड्डे होते. मी हात आत घातला. खड्डे जरासे बदलले होते. करंगळीचा खोल झाला होता. तिची करंगळी लांब असणार. बाटली उपडी करून मी तेल ओतलं आणि रागानं चोळत बसले, हाडवैर असल्यासारखी. मग कधीतरी हात मऊ पडला. अंगठ्यानं मी शिवणीशिवणीतून तेल जिरवत होते, मैथूच्या टाळूला जिरवते तसं. लक्षात आलं तेव्हा थांबले. पण तेवढ्यात ग्लोव्ह लोण्यासारखा झाला होता. तिच्यासाठी.

बुधवारी स्वयंपाकघरात मी बसून पाहिलं. ओट्याकडे पाठ, टाचा जराशा उचललेल्या, गुडघे फाकलेले. वीस वर्षांची असताना मी असं दीड दीड तास बसायची आणि उठून धावायची. या खेपेला कमरेतून असा आवाज आला की जणू कुणीतरी सुकी काटकी मोडली. सिझेरियनचा टाका आतून ओढला गेला. मी फ्रिजचं दार धरून थांबले. मैथूला वाटलं, आई तिच्याएवढी होऊन खेळायला आली. ती रांगत समोर आली, बसली आणि हातातला स्टीलचा चमचा माझ्याकडे फेकला. तो माझ्या पायाशी पडला. मी डाव्या हातानं उचलून परत दिला. तिनं परत फेकला. खाली, आत, बट्टी. मला हसू आलं आणि डोळे भरून आले, आणि उठताना मला चक्क ओट्याला लोंबकळावं लागलं. म्हणजे प्रश्न मिटला होता. कुणी विचारलं असतं, तू बसतेस का मागे, तरी मी बसू शकले नसते. कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण मला वाटलं होतं, निदान न विचारल्याचा राग तरी माझा आहे. आता तोही राहिला नाही. नुसता जळफळाट उरला, त्याला बूडही नाही आणि दारही नाही.

शुक्रवारी अंकुर दोनपासून तयार होऊन बसला होता. बूट घातले, काढले, परत घातले. "तू वरूनच बघणार ना? खाली ऊन असेल."

"खाली येणार आहे."

"मैथूला?"

"मैथूला घेऊन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग मस्तच," तो म्हणाला, आणि मला ते नीट कळलं नाही, खरं मस्त की नुसतं मस्त.

चार वाजता आमच्या टॉवरची सावली मैदानाच्या एका बाजूला पडते, तिसऱ्या तळाच्या बाजूला. पाहुण्या टीमची माणसं तिथं चटया टाकून बसली होती. आमच्या टीमची बाजू पूर्ण उन्हात होती. मी बाबागाडी सावलीत लावली. मुलाच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून आई कुठेही बसते, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तिथं बानू होती. बाराव्या मजल्यावरची बानू, रत्नागिरीकडची. भाडी पडली तशी ती दोघं बर दुबई सोडून इकडे आली होती, आणि लिफ्टमध्ये माझ्या हातातल्या पिशवीतली कोथिंबीर बघून तिनं ओळख काढली होती. तिचा नवरा यूनुस शिपिंगमध्ये, पाहुण्या टीमचा फलंदाज.

"ये गो, बस. आमच्यात बसलीस तर तुझा नवरा काय म्हणेल?"

"काय म्हणायचंय? सावली त्याच्या बापाची आहे का?"

"आमच्या यांना बघ. क्रिकेटच्या सवयीनं बॅट अशी खाली टेकतात, जसं काय कुंपणाला खुंटा ठोकायचाय." तिची सहा वर्षांची फिझा म्हणाली, "ममा, इट्स नॉट क्रिकेट," आणि बानू म्हणाली, "गप, मला शिकवू नको."

मग निळी टोपी आली. जवळून पहिल्यांदाच पाहिली मी तिला. बुटकी, काळीसावळी, चेहऱ्यावर तारुण्यपिटिका. सुंदर असती तर बरं झालं असतं. तिनं टोपी फिरवली, जाळी ओढली, माझा ग्लोव्ह डाव्या हातात चढवला, त्यावर उजवी मूठ दोनदा आपटली आणि बसली. चांगली बसली. टाचा उचललेल्या, पाठ सैल. अंकुर समोर उभा राहिला, चेंडू पाठीमागे धरून तिच्याकडे बघत. तिनं उजवा हात मांड्यांच्या मध्ये नेला. ग्लोव्ह मात्र तिनं पुढे, छातीसमोर धरून ठेवला होता, म्हणजे आमच्या बाजूनं सगळं उघडं होतं. मला तिचा हात स्पष्ट दिसला.

करंगळी.

नुसती करंगळी, बाकीची बोटं मिटलेली. कट्टी. आणि अंकुरनं मान हलवली.

मला ऐकू येईनासं झालं. चेंडू आला, फलंदाज चुकला, आमच्या टीमनं आरडाओरडा केला असेल. मग मूठ. मग पंजा. एकेक करून माझं सगळं बाहेर काढून मांडलं जात होतं, ग्लोव्ह तर काहीच नव्हता. प्रभाचं कॉलेज, केळी, गळ्याला चिमटा, पार्किंगमधले शुक्रवार, सगळं त्या पोरीच्या मांड्यांमध्ये होतं. बर दुबईत मी ज्याला दिलं त्यानं ते पुढे दिलं, वापरात नव्हतं म्हणून. आणि मी काय केलं होतं प्रभाचं? हा विचार आला आणि मी तो ढकलून दिला. पहिले दोघं बाद झाले. पुढच्या दोघांना नशिबानं तळ मिळाले. मग यूनुस आला, बॅट खाली टेकवत.

पहिला चेंडू दगड. तो चुकला. मग करंगळी.

"अगो अनुराधा," बानू माझ्या कानाशी म्हणाली, "ती पोरगी कट्टी कोणाशी घेते गो?"

रत्नागिरीलाही कट्टी करंगळीनंच घेतात, हे मला सुचायला हवं होतं. जळगावात तीन वर्षं कुणाला न कळलेली गोष्ट बानूला एका नजरेत दिसली, कारण तिला खेळातलं काही कळत नव्हतं. मी गप्प बसू शकले असते. कुणास ठाऊक, म्हणता आलं असतं. चेंडू बाहेरून गेला, यूनुसची बॅट पोचली नाही.

"कट्टी म्हणजे बाहेर टाक," मी म्हटलं. "लांबून जाणार."

"असं होय? आणि मूठ?"

"सरळ, जोरात. पंजा असला तर हळू. दोन बोटं असली तर अंगावर." मी अगदी शांतपणे सांगितलं, आंबोळीचं प्रमाण सांगते तसं. मैथू माझ्या मांडीवर ओढणी चोखत होती. बानू काय करणार ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ईश्वरीनं पुन्हा करंगळी दाखवली. बानू गुडघ्यांवर उठली आणि गावाकडच्या बांधावरून हाक मारावी तशी ओरडली, "अवो! भायर येतोय! भायर! पाय टाका पुढे!" यूनुसनं पाय टाकला. बॅटचा असा आवाज झाला की सगळ्यांनी आधी वर पाहिलं. चेंडू रेघांवरून, गोण्यांवरून, थेट त्या उरलेल्या पत्र्यावर, हसत राहिलेल्या बाईवर जाऊन आदळला. धाडकन. तीन जण धावत होमला आले. चटयांवर गोंधळ उडाला. फिझा नाचत होती, बानू माझा दंड धरून हलवत होती, "यल्ला, यल्ला! बघितलंस? ऐकलं माझं! जन्मात पहिल्यांदा!"

अंकुर चेंडूकडे बघत नव्हता. तो ईश्वरीकडेही बघत नव्हता. तिच्या डोक्यावरून, रेघ ओलांडून, सावलीत तो माझ्याकडे बघत होता. किती महिन्यांनी असा बघत होता. नऊ दिवस मला हेच तर हवं होतं. मी मैथूचा पाय घट्ट धरला. त्या बघण्यात राग असता तर मी झेलला असता. राग नव्हता. हरवलेली वस्तू सापडली, पण मोडलेली, तसं काहीतरी होतं.

पुढच्या फलंदाजालाही बानूनं सांगितलं. आणखी एक धाव गेली. मी तिला थांबवलं नाही. मग कसाबसा तिसरा माणूस बाद झाला आणि टीमा बदलल्या. आमचे पाणी प्यायला सावलीत आले. अंकुर माझ्यापाशी येऊन उभा राहिला, घामानं भिजलेला. मी वाट पाहिली. त्यानं मैथूच्या टोपीची नाडी सैल केली.

"ऊन लागतंय का तिला?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि बाटली तोंडाला लावून दुसरीकडे बघत राहिला.

त्याच्या मागून ईश्वरी आली. जाळी कपाळावर चढवलेली, गालांवर पट्ट्यांचे वळ. तिचा चेहरा रडवेला होता. "अनुराधाताई ना? ताई म्हणू ना? मला कधीचं भेटायचं होतं तुम्हाला. आणि आजच असा पचका केला मी." ती भराभरा बोलत होती. "अंकुरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, या खुणा माझ्या बायकोच्या आहेत, नीट वापर. ती युनिव्हर्सिटीला खेळलीये, तिच्यासारखं कुणी बसत नाही. मी म्हटलं, चारच? तर म्हणाला, पाचवी आहे, पण ती तिनं मलाही दिलेली नाही, ती मागायची नाही." तिनं नाक पुसलं. "आणि ग्लोव्ह किती मऊ करून दिलात! पण त्यांना सगळं कळतंय हो. माझंच काहीतरी चुकतंय."

बानू एकदम फिझाच्या वेण्या घालायला लागली. अंकुर अजून दुसरीकडेच बघत होता. त्याला ठाऊक होतं आणि तो बोलणार नव्हता, तिच्यासमोर नाही, बहुतेक कधीच नाही. बोलायचं तर मलाच होतं. मी सांगितलं त्यांना, एवढंच ना? तीन शब्द. त्या पोरीच्या गालांवरचे वळ बघून ते तीन शब्द आत गेले. मैथूला मी अंकुरकडे दिलं. मांडी एकदम हलकी झाली, आणि डावा हात आपोआप पुढे गेला.

"ग्लोव्ह दे."

तिनं दिला. आत तिचा घाम होता, ऊन होतं, तेल होतं. मी वाळूवर बसले, उकिडवी नाही, नुसती गुडघ्यांवर. "हे बघ. खूण देताना ग्लोव्ह असा समोर धरलास की डावी बाजू उघडी पडते. तो खाली सोड. डाव्या गुडघ्याच्या बाहेर, पोटरीला टेकेल असा. दाराला पडदा असतो ना, तसा. बोटं आत, मांडीला लावून. मग इकडे बसलेल्या कुणाला," मी थांबले, "इकडे बसलेल्या कुणालाही दिसणार नाही."

"इकडून दिसत होतं?"

"मला दिसत होतं," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. तिला कळलं की नाही, मला अजून माहीत नाही. अंकुरला कळलं. मैथूला खांद्यावर घेऊन तो पहिल्यांदा खाली माझ्याकडे, माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. मग हाक आली आणि तो मैथूला परत माझ्या मांडीवर ठेवून गेला.

आमच्या दोन धावा झाल्या. चाराला दोन. सावली आता पिचरच्या पायापर्यंत पोचली होती. ईश्वरी होमच्या मागे बसली, मूठ दोनदा आपटली, आणि ग्लोव्ह खाली सोडला. डाव्या गुडघ्याच्या बाहेर, पोटरीला टेकून. मी शिकवला होता तसाच, कदाचित माझ्याहून बरा. त्या तेल प्यायलेल्या कातड्यामागे तिचा हात गेला आणि मला काही दिसेना. समोर पांढऱ्या टोपीखाली अंकुर वाकून बघत होता. ते काही क्षण आले, मला ठाऊक असलेले, कुणीच न हलण्याचे. त्यानं मान हलवली.

"आता काय गो?" बानू माझ्या कानाशी कुजबुजली. "कट्टी की मूठ?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि मैथूला पोटाशी धरून पुढे सरकले. अंकुरचा हात मागे गेला होता.